बाई, तिकडं काय दिसलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मरणाच्या दारातून परत आलेल्या पाच जणांचे अनुभव वाचले. लिहिलेत चांगले. पण पाचही जण येताना काही ना काही शिकवण घेऊनच आले, हे वाचून माझंच काही चुकलं की काय असं वाटायला लागलं. कारण मीही त्या दारापर्यंत जाऊन आलेली बाई आहे, आणि माझ्या हाती तसलं काही लागलं नाही.

मी परभणी जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. चार वर्षांमागं श्रावणात आम्ही शेतातल्या आखाड्यावर मुक्कामाला होतो. लाइट गेलेली, उकाडा मरणाचा, म्हणून सतरंजी टाकून खालीच झोपले. पहाटे पोटात कळ आली. आदल्या दिवशी एकादशी, रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी. म्हटलं तीच बाधली. ओवा चावला आणि पडून राहिले. तासाभरात पापण्या उचलेनात, जीभ जड झाली. सूज नाही, आग नाही, दाताची खूण नाही. मण्यार चावते ती अशीच, झोपेतल्या माणसाला मुंगीइतकाही पत्ता लागू देत नाही. पुतण्यानं अंथरूण झटकलं तेव्हा उशाखालून निघाली.

आमच्या गावात साप चावलेल्याला आधी मारुतीच्या देवळात नेतात. तेही कुणीतरी सुचवलंच. पुतण्यानं ऐकलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात लस चालू झाली, पण तोवर श्वास तुटत आला होता. नळी घातली, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये फुगा दाबत दाबत मोठ्या रुग्णालयात नेलं. चार दिवस व्हेंटिलेटर.

आता पुरवणीत न आलेली गोष्ट. मण्यारीचं विष मेंदूच्या वाटेला जात नाही. मज्जातंतूकडून स्नायूला जो निरोप जातो, तो मधल्या मधे अडवतं. पापणी हलत नाही, बोट हलत नाही, छाती हलत नाही. कधी कधी बुबुळंसुद्धा टॉर्चच्या उजेडाला दाद देत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. आणि आत माणूस टक्क जागा असतो. मला सगळं ऐकू येत होतं.

काय काय ऐकलं, सांगू? माझ्या पाटल्या काढून ठेवायची चर्चा ऐकली. आमचे भाऊजी फोनवर म्हणत होते, "पाहुण्यांना सांगून ठेवा, उद्याचा दिस काही निघत नाही." (भाऊजी माणूस चांगला आहे, पुढं खर्चही त्यांनीच केला, म्हणून राग नाही. पण ऐकलं ते ऐकलं.) जाऊबाई खरोखर रडत होत्या. त्याचं मला नवल वाटलं, आमचं तितकंसं कधी जमलं नाही. कुणीतरी पायाशी उभं राहून म्हणालं, "हिच्यात काही राहिलं नाही." एक नर्स मात्र दर वेळी वाकून सांगायची, "मावशी, सुई टोचते हं." मी मेलेली आहे की जिवंत, याचा विचार न करता ती रोज सांगायची. तिचा चेहरा मी पाचव्या दिवशी पाहिला. आवाजावरून ओळखला.

बोगदा दिसला नाही. प्रकाश दिसला नाही. एकदा, कधी ते सांगता येणार नाही, आमची माय दिसली. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती. अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. माझ्याकडं तिनं मान वर करून पाहिलंही नाही. मला मात्र इतकं निवांत वाटलं, की तसं आधी नाही वाटलं आणि नंतरही नाही. औषधाची गुंगी असेल, प्राणवायू कमी पडला असेल, किंवा माय असेल. मी सोडवत बसलेले नाही.

घरी आल्यावर हे मी एकदाच, एकाच शेजारणीला सांगितलं. आठ दिवसांत माझ्याच कानावर आलं ते असं: बाईंना यमदूत घेऊन गेले, तिथं चित्रगुप्तानं वही उघडली, म्हणाला ही नव्हं, दुसरी आणा, आणि खालच्या आळीतली त्याच नावाची म्हातारी त्याच रात्री गेली. म्हातारी खरंच गेली होती, पण महिनाभर आधी. मायच्या शेंगा कुठल्या कुठं गेल्या.

मला हसू आलं, कारण ही गोष्ट मी लहानपणी आजीकडून ऐकलेली. तिच्या गोष्टीत बाईच्या जागी बाप्या होता, एवढाच फरक. पुढं वाचनात आलं, की बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या सतवंत पसरीचा आणि अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इयन स्टीव्हनसन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या अशा १६ जणांच्या हकिगती छापल्या होत्या. त्यांत हेच पुन्हा पुन्हा येतं: न्यायला दूत येतात, वहीवाला माणूस असतो, चुकीचा माणूस आणला म्हणून परत पाठवतात. अमेरिकेतल्या माणसाला परत पाठवतात ते त्याचं काम राहिलंय म्हणून, लेकरंबाळं वाट बघतात म्हणून. आपल्याला परत पाठवतात कारकुनाची चूक झाली म्हणून. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला तहसीलच्या चकरा मारलेल्या माणसाला वरचं कार्यालयही तसलंच दिसणार, यात मला काही वावगं वाटत नाही. म्हणून ती माणसं खोटं बोलतात, असंही नाही. ज्याच्या घरात जी भांडी, त्यातच तो पाणी पिणार.

पुरवणीत नेदरलँड्सचे हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांच्या अभ्यासाचा ओझरता उल्लेख होता, आकडे मात्र नव्हते. ते २००१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. हृदय बंद पडून वाचलेले ३४४ रुग्ण, त्यातल्या ६२ जणांना काही अनुभव आठवला. म्हणजे २८२ जणांना काहीच आठवलं नाही. त्या ६२ पैकी ज्यांना पुढं आठ वर्षांनी पुन्हा विचारलं, त्यांची मरणाची भीती तेव्हाही कमी झालेली दिसली, हेही त्यात आहे, आणि मला ते पटतं. पण त्या २८२ जणांकडं एखादा वार्ताहर कधी गेला का? तेही तिथवर जाऊन आलेच की. पुढं सॅम पार्निया या डॉक्टरांच्या २०१४ च्या अशाच अभ्यासात रुग्णालयांतून उंचावर फळ्या ठोकल्या, त्यावर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. अंगातून निघून वर तरंगलो म्हणणाऱ्यांना ती दिसावीत. चित्र पाहिलं, असं एकानंही सांगितलं नाही. ज्या दोघांना आजूबाजूचं पाहिलं-ऐकलं आठवत होतं, त्यांच्या खोल्यांत फळ्याच नव्हत्या. विज्ञानाचं नशीबही कधी कधी आमच्या पावसासारखं असतं.

माझी भीती कमी झाली का, असं पुतण्याच्या बायकोनं विचारलं. मरणाची झाली असेल, खाली झोपायची वाढली. आता आखाड्यावर बाजेवर झोपते आणि मच्छरदाणी गादीखाली खोचते. तज्ज्ञांनी २००० ते २०१९ चा हिशोब मांडला, तर देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेलेली निघाली. त्यातली किती जण देवळात बसवलेली होती आणि सगळं ऐकत होती, हा विचार मला रात्री येतो. पहाटे पोट दुखून पापण्या पडायला लागल्या, तर खूण शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. पुरवणीत पाच पानं परलोकाला दिलीत, हे एक वाक्य कुठं तरी बसलं असतं.

एक प्रसंग सांगून थांबते. दवाखान्यातून आल्यावर लोक पाया पडायला यायचे, मी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावायचे. एक दिवस माझ्याच वर्गात शिकलेल्या एका पोराची माय आली. पोरगं दोन वर्षांमागं, सोयाबीन गेलं त्या साली, औषध पिऊन गेलेलं. ती चहाला नको म्हणाली. बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "बाई, तिकडं आमचा दिसला का हो?"

पुरवणीतल्या कुणापाशीही तिच्यासाठी उत्तर तयार असतं. तो सुखात आहे, प्रकाशात आहे. माझ्याच्यानं ते बोलवेना, आणि नाही म्हणवेना. मी म्हटलं, "माझे डोळेच मिटलेले होते गं. उघडता येत नव्हते."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "पण ऐकू तर येत होतं म्हणता की."

कृपया नाव-गाव छापू नये. लोक पुन्हा यायला लागतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. परभणी