घरातला कापूस आणि आगीची धास्ती

महोदय,

भाव वाढेल या आशेवर मार्च-एप्रिलपर्यंत घरातच कापूस ठेवणारे शेतकरी विदर्भात गावोगावी आहेत. पुढच्या खोलीत आढ्याला टेकलेली गंजी, तिच्यावरच लोंबणारा बल्ब आणि चिकटपट्टीने जोडलेली वायर. ठिणगी पडायचाच अवकाश! कापसाची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते आणि काही तासांनी पुन्हा पेटते. त्यामुळे गंजी उपसून बाहेर पसरल्याशिवाय आग विझली असे कुणी समजू नये.

तालुक्याहून अग्निशमन गाडी येईपर्यंत जे वाचवायचे ते गावालाच वाचवावे लागते. आधी मेन स्विच बंद करावा, मगच पाणी मारावे. मोटारपंपावर भिस्त ठेवू नये, वीज गेली की तो निरुपयोगी. दारात भरलेला ड्रम हवाच. गोठ्यालगत कडब्याची गंजी रचू नये. गोठ्याच्या दाराशी विळा अडकवलेला असावा. आगीत दाव्याची गाठ सुटत नाही, दावे कापावेच लागते. मुकी जनावरे बांधल्या जागी होरपळतात, हे पाहवत नाही.

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे उघडावीत आणि १९०६ वर कळवावे.

ग्रामपंचायतींनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच हा विषय घ्यावा आणि उन्हाळाभर एक टँकर भरलेला ठेवावा.

– एक शेतकरी, जि. यवतमाळ