तुझ्या पंखाला पोचा पडलाय

सेंटरव्हिल, ओहायो
२ नोव्हेंबर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

आज पहाटे घड्याळं तासभर मागे गेली. आई अजून झोपली आहे. तो फुकटात मिळालेला तास घेऊन मी गॅरेजमध्ये येऊन बसलोय. गेले दोन रविवार फोनवर मी तुझ्याशी हवा आणि तुझ्या परीक्षा एवढंच बोललो, आणि तू "पंख चढले का गाडीवर?" असं विचारलंस की "हो हो, चाललंय" म्हणत फोन आईकडे दिला. तुझ्या ते लक्षात आलं असणार. म्हणून सांगून टाकतो. आपण गॅरेजमध्ये बांधतोय त्या विमानाच्या डाव्या पंखाला पोचा पडलाय. माझ्याच हातून. वरच्या पत्र्यावर, टोकाकडून मोजलं तर पंखाच्या आतल्या बरगड्यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या रिबच्या मध्ये. म्हणजे जिथे तू आत हात घालून रिव्हेटमागे बकिंग बार, तो लोखंडी ठोकळा, धरला होतास, बरोब्बर तिथे.

घेर पुरीएवढा, खोली दोन नखांच्या जाडीएवढी. लांबून दिसत नाही. मला मात्र आता दुसरं काही दिसतच नाही.

कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण चूक शेवटच्या क्षणाची नव्हती, पंधरा दिवस आधी कागदावरच झाली होती. आपल्या आरव्ही-७ विमानाचे पंख आधी होतात आणि मग धड, हे तुला माहीत आहे. दोन्ही पंख लावून टोकापासून टोकापर्यंत २५ फूट होतात आणि आपलं गॅरेज जेमतेम २०. त्यामुळे पंख धडाला लागणार ते थेट विमानतळावर, सगळ्यात शेवटी. तोवर दोन वर्षं म्हण, चार वर्षं म्हण, त्यांनी कुठेतरी उभं राहायचं. भिंतीला टेकवले तर धडाच्या खोक्यांना जागा नाही, छताला टांगले तर आई खालून जाणार नाही. म्हणून चाकांची गाडी. सगळेच करतात. दोन बाजूंना लाकडी चौकटी, खाली दोन लांब तुळया, चार कोपऱ्यांना फिरती चाकं. पंख पुढची कड खाली करून उभे ठेवायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, दप्तरातल्या दोन वह्यांसारखे.

पंख टेकवायचा कुठे, यातच सगळी मेख आहे. हाच पंख आकाशात विमानाच्या वजनाच्या सहा पट भार घेतो, आणि हाच पंख माझ्या कोपराने चेपतो. पत्रा एक मिलीमीटरही जाड नाही. बळ आहे ते स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईत, रिबमध्ये आणि त्यांना पत्र्याशी शिवणाऱ्या रिव्हेटमध्ये. दोन रिबच्या मधला पत्रा म्हणजे डफावरचं कातडं. म्हणून धडाकडच्या बाजूला स्पारचं जे टोक बाहेर डोकावतं, ते प्लायवूडच्या खाचेत बसवलं. टोकाकडच्या बाजूला जुन्या गालिच्याची पट्टी, दोन्हीकडून चौकटीला बांधलेली, आणि ती नेमकी शेवटच्या रिबखाली. इथले लोक तिला स्लिंग म्हणतात. मी झोळी म्हणतो. तू सहा महिन्यांची होतीस तेव्हा मिरजेला आजीने तुळईला बांधली होती, तशीच.

लाकडाबद्दल मात्र मी हुशारी केली, ती ऐक. दुकानात हिरवट झाक असलेलं, औषध लावलेलं लाकूड मिळतं, वाळवी लागत नाही म्हणून लोक हौसेने घेतात. त्या औषधात तांबं असतं. तांबं, ओल आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मी साधं पाइन घेतलं. झोळीखाली लोकरीचा नमदा लावणार होतो, तोही टाळला, ओल धरून ठेवतो म्हणून. प्रत्येक स्क्रूचं डोकं लाकडात बुडवलं. उंदरांचा मूत पत्र्याला तेजाबासारखा लागतो म्हणून पंखाच्या उघड्या बाजूला बारीक जाळी ठोकली. एवढं सगळं केलं आणि रुंदी धरली सोळा इंच.

सोळाच का? तर हिवाळ्यात आईची गाडी आत यावी म्हणून. कागदावर दोन्ही पंख मांडले, वजन दोन्हीकडे सारखं, तोल मध्यभागी, झकास. पण दोन्ही पंख एकदम चढत नाहीत ना! आधी एक चढतो. डावा चढवला तेव्हा उजवी बाजू रिकामी. साधी तागडी आहे गं, एका पारड्यात चार फूट उंच पंख आणि दुसऱ्यात हवा. कोपऱ्यावरचे आजोबा मदतीला आले होते, दोघांनी अलगद उचलला, झोळीत बसला, मी आनंदात त्यांना कॉफी पाजून घरी पाठवलं. मग म्हटलं, जरा भिंतीकडे सरकवून ठेवू. एकट्याने.

चाकं घेतली होती दोन इंची. स्वस्त होती, दिसायलाही छान. गॅरेजच्या फरशीत मधोमध ती चीर आहे बघ, काँक्रीट आकसावं-फुगावं म्हणून ठेवलेली. पुढचं चाक तिच्यात अडकलं. मी ढकलत होतो, खाली गाडी थांबली, वर पंख थांबला नाही. डाव्या बाजूला कलंडला तो मी खांद्यावर झेलला, पण झेलायच्या आत बाकावरच्या शेगड्याची, म्हणजे व्हाइसची, मूठ पत्र्याला लागून गेली. शेगडा तू वापरल्यावर नेहमी मूठ आत वळवून ठेवायचीस. मी ठेवत नाही.

आवाज अगदी छोटा झाला. स्टीलच्या डब्याचं झाकण बसताना होतो तेवढा.

पाचेक मिनिटं तसाच पंख खांद्यावर घेऊन उभा होतो, कारण सोडायला जागा नव्हती. शेवटी आई आली, तिने न बोलता दुसरी बाजू धरली. तिचं ते न बोलणं तुला माहीत आहे.

मग तपासणी. टॉर्च आडवा धरून पत्र्यावर प्रकाश टाकला, की सावलीत घडी आहे का ते कळतं. घडी नाही, गोलसर खळगा आहे. भेग नाही. आजूबाजूचे रिव्हेट एकेक करून नखाने चाचपले, सगळे घट्ट. राहिली ती आतली बाजू. रिब वाकली असती तर मामला वेगळा. माझा हात त्या भोकातून जात नाही, म्हणून तर तुला बोलावत होतो. तेव्हा दाढा बघायचा आरसा काठीला बांधून आत सरकवला. रिब सरळ आहे. तिच्यावर शार्पीने काहीतरी लिहिलेलं दिसलं, आरशात उलटं. फोनवर फोटो काढून उलटवला तेव्हा वाचता आलं.

"मुक्ता, वय १५. आज बाबा तीनदा ओरडला."

मला तो दिवस आठवतो. तू पत्र्यावर पेन्सिलने खूण केली होतीस आणि मी ओरडलो होतो, की शिशातल्या ग्रॅफाइटने ॲल्युमिनियम गंजतं, किती वेळा सांगायचं, शार्पी वापर. ते एकदा झालं. उरलेली दोनदा कशाबद्दल होती ते काही केल्या आठवेना. तक्रार लिहितानाही शार्पीच वापरलीस, हे मात्र मानलं.

खरं सांगू, पोच्यापेक्षा मला तेच जास्त लागलं. एवढी वर्षं ते आत बंद होतं आणि मी वरून पत्रा पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी ईएए, म्हणजे हौशी विमानवाल्यांची संघटना, तिच्या आपल्या चॅप्टरचे टेक्निकल कौन्सिलर, बांधणी बघून सल्ला देणारे, येऊन गेले. ते पैसे घेत नाहीत, फक्त पाय ओढत चालत येतात आणि गप्प बसून बघतात. त्यांनी पोच्यावरून तळवा फिरवला, आरशातून बघितलं आणि म्हणाले, उडायला काही अडचण नाही; रंगाच्या आधी भरून काढलंस तर कुणाला कळणारही नाही. मी विचारलं, पत्राच बदलला तर? ते हसले. बदलायचा म्हणजे शेकडो रिव्हेट ड्रिलने काढायचे, आणि एकेक काढताना खालच्या रिबमधलं भोक मोठं व्हायची भीती. त्यांच्या मते पोच्याने बिघडलेल्या पंखांपेक्षा पोचा दुरुस्त करताना बिघडवलेले पंख त्यांनी जास्त पाहिलेत. पोच्याचा फोटो आणि तारीख मी बांधणीच्या वहीत घातली आहे. एफएएच्या, म्हणजे सरकारी विमान खात्याच्या, माणसाला आपणच बांधलं हे दाखवायला ती वही लागते. त्यात नुसतेच पराक्रम कशाला.

त्या रात्री मला विल्बर राइट आठवला. आपण कॅरिलन पार्कला जाऊन राइट बंधूंचं १९०५ चं विमान कितीदा पाहिलं, पण ही गोष्ट तुला सांगितली नव्हती. १९०७ मध्ये आपल्या डेटनहून त्यांनी एक विमान खोक्यांत भरून फ्रान्सला पाठवलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये विल्बरने ल मान्सला खोकी उघडली, तर आत नुसता चिवडा. रिब मोडलेल्या, कापड फाटलेलं, रेडिएटर चेपलेले. त्याने रागाने लाल होऊन धाकट्या भावाला, ऑर्व्हिलला पत्र लिहिलं, की ही काय सामान भरायची रीत झाली? नंतर कळलं, ऑर्व्हिलने नीटच भरलं होतं. फ्रान्सच्या कस्टमवाल्यांनी उघडून तपासलं आणि परत कसंही कोंबलं. विल्बर कित्येक आठवडे ते सांधत बसला आणि ८ ऑगस्ट १९०८ ला उडाला. सगळा युरोप थक्क झाला. तर म्हणायचं एवढंच, की ऑर्व्हिलला निदान कस्टमवाले होते. माझ्याकडे तोही बहाणा नाही.

गाडी मी पुन्हा केली. या वेळी गुण्या लावून, घाई न करता. रुंदी बत्तीस इंच. चाकं पाच इंची, ब्रेकवाली. चीर त्यांना कळतसुद्धा नाही. चौकटींना तिरपे आधार दिले आणि पंखाच्या वरच्या कडेला एक पट्टा बांधला, म्हणजे झोळीतून तो वर उसळणार नाही. आईची गाडी या हिवाळ्यात बाहेर राहणार. तिने परवानगी दिली, पण बर्फ खरवडायचं काम माझ्याकडे आलं.

तिने आणखी एक केलं. तुझी जुनी निळी गोधडी उसवून पंखाला गवसणी शिवली, आजीच्या तंबोऱ्याला असायची तशी, वरून नाडी ओढायची. शिवताना म्हणाली, "आकाशाला गवसणी घालायला निघालास, आधी पंखांना घाल." चार वर्षांत या विमानाबद्दल तिने केलेला हा पहिला विनोद. मी वहीत तोही लिहिला.

आजीलाही फोनवर सांगितलं. तिला कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव पाठ आहेत, गच्चीवर विमान बांधणारे. ती म्हणाली, "त्यांनी तर क्रेनने खाली आणलं, तुला जमिनीवरल्या जमिनीवर सरकवता आलं नाही?" याला उत्तर नाही.

आता तुझं काम. थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा उजवा पंख चढवायचा आहे. आजोबांना मी सांगितलेलं नाही, तुझ्यासाठी ठेवलाय. आणि डाव्याचं तू ठरव. भरून काढायचा, तसाच ठेवायचा, की पत्रा उतरवायचा. माझं मत तसाच ठेवावा असं आहे, पण माझं मत या बाबतीत किती धरायचं हे तू बघ. उतरवायचा म्हणालीस तर उन्हाळ्याची सुट्टी जाईल, आणि आतून बार धरायला तुझाच हात लागेल. आधी प्रकाशात बघ, हात फिरवून बघ, मग बोल. आणि त्या उरलेल्या दोनदांचं काय होतं, तेही सांग. आईला विचारलं, तिला एक आठवतंय, पण सांगत नाही.

पंख उचलताना मी धडाकडच्या बाजूला, तू टोकाकडे. टोक हलकं आहे, पण दिशा तिथूनच ठरते. "उचल" तू म्हणायचं. मी फक्त ऐकणार.

जाड तळव्याचे बूट आण, गॅरेज थंड असतं.

तुझा,
बाबा

ता. क. : उजवा पंख येईपर्यंत तोल राहावा म्हणून गाडीच्या रिकाम्या बाजूला बासमतीची दोन पोती बांधली आहेत, वीस-वीस पौंडांची. घरातला तांदूळ तेवढाच आहे. तेव्हा मसालेभात हवा असेल तर आल्याआल्या आधी पंख.