कवटीवरची कातडी फिरवण्याआधी डॉपलर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणी यंत्रात पदर किंवा वेणी अडकल्याच्या बातम्या आतल्या पानावर येऊ लागतात. ‘महिला गंभीर जखमी’ एवढ्यावर बातमी संपते. त्या बाईचं पुढे काय होतं ते मी लातूर भागात प्लास्टिक सर्जन म्हणून वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. त्यातली एक गोष्ट सुधारणं आपल्या हातात आहे: ऑपरेशनआधी डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या तपासणीने, धमन्या पाहून घेणं. म्हणून हे पत्र.

फिरत्या शाफ्टमध्ये केस गुंडाळले गेले की डोक्याची कातडी भुवयांपासून मानेपर्यंत एकसंध सुटून येते. ही कातडी पाच थरांची असते. वरचे तीन थर एकमेकांना घट्ट चिकटलेले, त्याखाली एक सैल थर आणि सगळ्यात खाली कवटीला बिलगलेलं पातळ आवरण. हे शेवटचं आवरण शाबूत राहिलं तर मांडीची पातळ कातडी लावून भागतं. तेही गेलं आणि पांढरं हाड उघडं पडलं, तर त्यावर कातडी धरत नाही. हाड सुकतं, मरतं. मग शेजारची जिवंत कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून हाड झाकावं लागतं. हाच फ्लॅप. त्याच्या बुडाशी वाहती धमनी नसेल तर तो चार दिवसांत काळा पडतो, आणि होती तेवढी चांगली कातडीही हातची जाते.

असे काळे पडलेले फ्लॅप बाहेरून माझ्याकडे येत, तेव्हा सोबतच्या कागदपत्रांत मी एकच गोष्ट शोधायचो: ऑपरेशनआधी डॉपलर केला होता का? बहुतेकदा त्याचा उल्लेखच नसे.

कानाच्या भोकासमोर बोट ठेवलं तर ठोका लागतो. ती धमनी वर जाऊन दुभंगते. एक फांदी कपाळाकडे, दुसरी टाळूकडे. पण नेमकी कुठे दुभंगते आणि कुठून वळते, हे माणसागणिक वेगळं असतं. जखमी डोक्यात तर पुस्तकातल्या आकृतीवर भिस्त ठेवताच येत नाही. कुठे फांदी ताणून तुटलेली असते, कुठे ती आतून गोठलेली असते.

एका शेतमजूर बाईचं उदाहरण देतो. जखम टाळूवर, हाड उघडं. डाव्या कानावरची कातडी दिसायला उत्तम होती, आणि तिथूनच फ्लॅप घ्यावा असं कुणालाही वाटलं असतं. आम्ही 8 मेगाहर्ट्झचा पेन्सिल डॉपलर, म्हणजे प्रवाहाचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं उपकरण, फिरवला. कानासमोर ठोका खणखणीत होता, पण दोन बोटं वर गेल्यावर आवाज गपकन थांबला. उरला तो फक्त शिरेचा, वाऱ्यासारखा घुमणारा आवाज. मग कलर डॉपलरवर, म्हणजे प्रवाह पडद्यावर रंगांत दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर पाहिलं, तर धमनी तिथे बंद. मानेकडून वर येणारी धमनी मात्र उजव्या बाजूला टाळूपर्यंत वाहत होती. पेनाने ठिपके काढत तिचा माग घेतला, फ्लॅपचं बूड मानेकडे ठेवलं, आणि फ्लॅप जगला.

यात हाताचं कसबही आहे, आणि ते शिकवावं लागतं. खाली हाड असल्यामुळे प्रोब (यंत्राचं कातडीवर टेकवायचं टोक) जरा दाबला की शिरा आणि बारीक धमन्या चेपतात, मग वाहिनी नाहीच असं वाटतं. जेल भरपूर घ्यायचं, प्रोब नुसता टेकवायचा. पडद्यावर लाल म्हणजे धमनी आणि निळी म्हणजे शीर, असं नवे डॉक्टर धरून चालतात. ते रंग फक्त प्रवाह प्रोबकडे येतो की दूर जातो एवढंच सांगतात. गळ्याची सोनोग्राफी ज्या लिनिअर प्रोबने होते, तोच इथे चालतो.

सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे औषध टोचून काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, हे दिसत नाही असं नाही. पण उच्चदाबाच्या तारेने डोकं भाजलेला रुग्ण घ्या. त्याचे स्नायू आतून जळून त्यांतल्या रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडांवर आलेला असतो, त्यात सीटीसाठी टोचायचं औषध नको असतं. शिवाय विजेने भाजलेल्या वाहिन्या काही दिवसांनीही गोठतात, म्हणून जुन्या तपासणीवर विसंबता येत नाही. डॉपलर ऑपरेशनच्या सकाळी खाटेवरच पुन्हा करता येतो.

सगळी कातडी गेली असेल तर पाठीचा स्नायू आणून त्याच्या वाहिन्या कानासमोरच्या धमनीला आणि शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. तिथेही ती शीर उघडी आहे का, किती रुंद आहे, हे आधी कळायला हवं. आणि तुटलेली कातडी नातेवाईकांनी टाकू नये. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावी आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ कातडीला लागता कामा नये. अशी कातडी परत जोडण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन ऑस्ट्रेलियातल्या सर्जननी 1976 मध्ये प्रसिद्ध केलं. एका चांगल्या धमनीवर अख्ख्या डोक्याची कातडी जगू शकते.

डॉपलर करण्यात अडचण काय, असं विचारलं की गर्भलिंग निदानविरोधी कायद्याकडे बोट दाखवलं जातं. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि जागेचं बंधन मला पूर्ण मान्य आहे. मराठवाड्याने मुली गमावल्या आहेत. त्या कायद्यात तसूभरही ढिलाई नको. पण नोंदणीकृत यंत्र त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर असताना रुग्णाला तिथे नेण्यापासून कोणता कायदा अडवतो? आदल्या दिवशी सर्जनने रुग्णासोबत सोनोग्राफीच्या खोलीत जावं, रेडिओलॉजिस्टने प्रोब धरावा, सर्जनने डोक्यावर ठिपके काढावेत.

सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की जिल्हा रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया विभागात एकेक पेन्सिल डॉपलर द्यावा, आणि डोक्यावरच्या फ्लॅपच्या केसपेपरात धमन्यांचा नकाशा काढणं सक्तीचं करावं. रुग्ण पुढे पाठवायचा झाला तर त्या ठिपक्यांचा फोटोही चिठ्ठीसोबत जावा.

– एक निवृत्त प्लास्टिक सर्जन, लातूर