‘निगेटिव्ह’ शब्दावर विसंबून पाच महिने गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पानावरचा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीच्या दुहेरी रंगाच्या पेशी चाचणीवरचा लेख वाचला. ‘आता निदान अचूक!’ हा मथळा वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून हे पत्र.

चाचणी चांगली आहे, याबद्दल माझा वाद नाही. मी २२ वर्षे प्रयोगशाळेत पॅपच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या, स्लाइड वाचल्या आहेत. नुसता पेशीचा आकार पाहून ‘ही बिघडलेली, ही सुजेमुळे फुगलेली’ ठरवताना दोन अनुभवी माणसांचे मत जुळत नसे. या चाचणीत पी-१६ हे प्रथिन तपकिरी दिसते आणि विभाजन चालू असल्याची खूण असलेले केआय-६७ केंद्रकात लाल दिसते. निरोगी पेशीत ही दोन्ही एकत्र सहसा सापडत नाहीत. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूने पेशीचा लगाम तोडला की सापडतात. तपकिरी पेशीत लाल केंद्रक अशी एक जरी पेशी दिसली, तरी पॉझिटिव्ह. एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी पुढे कोणाला दुर्बिणीखाली तपासायचे, हे ठरवायला अमेरिकेत २०२० मध्ये तिला मान्यता मिळाली, ती याच गुणामुळे.

पण रंग चढतो तो बाटलीत आलेल्या पेशींवर. ब्रशला जी पेशी लागलीच नाही, तिच्यावर कुठून चढणार? ज्या पट्ट्यात बहुतेक बिघाड सुरू होतो, तो पट्टा पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाच्या नळीत आत सरकतो. ब्रश तिथवर पोहोचला नाही, तर स्लाइड स्वच्छ दिसते. तुमच्या लेखात याबद्दल एक ओळ नाही.

माझी थोरली बहीण ५८ वर्षांची. पाळी बंद होऊन सात वर्षे झाल्यावर तिच्या अंगावरून थोडे लाल जाऊ लागले. एचपीव्ही पॉझिटिव्ह आली, मग ही दुहेरी रंगाची चाचणी झाली, ती निगेटिव्ह. ‘वर्षाने या’ एवढेच सांगून तिला घरी पाठवले. संध्याकाळी तिचा फोन आला, “अगं, निगेटिव्ह आलाय रिपोर्ट. सुटले बाई!” मी म्हटले, “बरं झालं, ताई.” डाग थांबले का, हे मी विचारले नाही. जन्मभर स्लाइड वाचलेल्या मला ते विचारायचे सुचले नाही. नंतर तिचा रिपोर्ट हातात घेतला, तेव्हा ‘लक्षणे’ हा रकाना कोरा होता. पाच महिन्यांनी नळीतला तुकडा तपासला आणि कर्करोग निघाला. किरणोपचार झाले, केमो झाली. ताई आज घरी आहे, पण दुपारनंतर तिला उभे राहवत नाही.

ही चाळणी आहे. काहीही त्रास नसलेल्या बायकांमधून कोणाला पुढे तपासायचे, ते तिने सांगायचे. जिला पाळी गेल्यावर रक्त जाते, संबंधानंतर रक्त दिसते किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाते, तिचा रिपोर्ट काहीही येवो, डॉक्टरांनी तपासणी टेबलावर घेऊन डोळ्यांनी पाहायला हवे आणि गरज पडली तर तुकडा काढायला हवा. पॉझिटिव्ह आलेल्या बाईलाही कर्करोग झालाच असे नसते, त्यातल्या अनेकींना पुढच्या तपासणीत गंभीर काही सापडत नाही. ‘अचूक’ या एका शब्दाने दोघींचीही फसगत होते.

आणखी एक. लेखात तीन ठिकाणी ‘गर्भाशयाचा कर्करोग’ छापले आहे. गर्भाशयाचा आणि गर्भाशयमुखाचा हे दोन वेगळे आजार आहेत. ही चाचणी पहिल्यासाठी नाहीच. मागेही एकदा हीच चूक मी पत्राने कळवली होती.

दुरुस्ती त्याच पानावर, मथळ्याइतक्याच ठळक अक्षरात छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ