मिरजेच्या आयसीयूतल्या सिस्टरना

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तासगावच्या द्राक्षवाल्या काकांच्या वेळी मिरजेत रात्रपाळीला असलेल्या सिस्टर, एवढं लिहिलं की ओळखणारे ओळखतील.

ऑक्टोबर छाटणी ऐन भरात होती. आमचे हे दुपारपासून ‘पित्त झालंय’ म्हणत छाती चोळत होते. जबडा दुखायला लागला, बनियन घामानं चिंब झाला, तेव्हा कुठे दवाखान्यात यायला तयार झाले. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावली आणि १०८ बोलावून थेट मिरजेला धाडलं. त्यांचेही उपकार आहेतच.

हार्ट ॲटॅक होता. मिरजेत अँजिओप्लास्टीसाठी, म्हणजे हृदयाची बंद झालेली नळी फुग्यानं उघडण्यासाठी, सहीचा कागद पुढे आला आणि माझा हात चालेना. थोरला पुण्याहून निघाला होता, तो येऊ दे, असं हे म्हणत होते. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, पण चालता चालता आणि निम्मं इंग्रजीत. तुम्ही मात्र बाकावर शेजारी बसलात. “काकू, मुलाला फोन लावा, मी बोलते त्याच्याशी. पण त्याच्यासाठी थांबायचं नाही. नळी बंद आहे तोवर हृदयाचा स्नायू मरतोय, आणि मेलेला स्नायू परत येत नाही.” पेशंट दारातून आत आल्यापासून दीड तासाच्या आत फुगा फुगला पाहिजे, असा दंडक असतो हेही तेव्हाच कळलं. मग मी सही केली.

ह्यांना आत नेल्यावर तुम्ही ईसीजीच्या उरलेल्या गुलाबी पट्टीच्या पाठीवर पेनानं दोन समांतर रेघा ओढल्यात आणि मध्ये एक गाठ काढलीत. मनगटातल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत जाते, भूल फक्त मनगटापुरती, माणूस जागाच असतो. औषध सोडलं की पडद्यावर रक्तवाहिन्या उमटतात. मग केसासारखी तार अडथळ्याच्या पलीकडे सरकवायची, तिच्यावरून फुगा न्यायचा, तो फुगवला की त्याच्यावरची जाळी उमलून भिंतीला चिकटते. फुगा बाहेर येतो, जाळी आत राहते. ती जाळी म्हणजे स्टेंट. “फुगा फुगेल तेव्हा काकांच्या छातीत दुखेल, पण ते घटकाभरच,” असंही म्हणालात. हे नंतर म्हणाले, अगदी तसंच झालं.

मी विचारलं, म्हणजे नळातला गंज खरवडतात तसं का? तुम्ही मान हलवलीत. “नाही काकू. चरबीचा थर बाहेर काढत नाहीत, भिंतीकडे दाबतात. आजार आहे तिथेच आहे, रस्ता मोकळा झालाय.”

सिस्टर, पुढचं सगळं मला या एका वाक्यामुळे समजलं. दुसऱ्या एका नळीत ५० टक्के अडथळा निघाला आणि डॉक्टरांनी तो तसाच ठेवला, तेव्हा भेटायला आलेल्या पाहुण्यांनी गोंधळ घातला होता. ‘आत गेलेच होते तर एकदाच उरकून घ्यायचं.’ जणू बाजारात गेल्यावर कोथिंबीरही आणायची होती! एवढ्या अडथळ्यातून रक्त पुरेसं जात असतं, तिथे जाळी घालून फायदा नाही, उलट जाळीची जोखीम मात्र वाढते. त्याला औषध, बिडी बंद आणि रोजचं चालणं, हे तुम्ही पाहुण्यांना उभ्या उभ्या ऐकवलंत. बिडी या शब्दावर ह्यांनी डोळे मिटून घेतले होते, ते मी पाहिलं.

धाकट्या दिरांना पुढे चढावर छातीत भरून यायला लागलं, तेव्हाही हेच कामी आलं. त्यांना ॲटॅक नव्हता, दुखणं जुनं आणि ठरलेलं, थांबलं की जाणारं. अशा पेशंटमध्ये स्टेंटनं त्रास कमी होतो, पण नीट औषधं घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं आयुष्य वाढत नाही, असं २००७ च्या करेज नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून आम्ही घाबरून धावलो नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, सावकाश ठरवलं. ॲटॅकमध्ये मिनिटं मोजायची असतात आणि अशा दुखण्यात विचाराला सवड असते. हा फरक लोकांना कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

पैशाची गोष्ट राहिलीच. केशरी रेशनकार्ड आहे का, हे तुम्हीच विचारलंत आणि सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी नेऊन बसवलंत. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते हे मला माहीत नव्हतं. बाग तारण ठेवायचं माझ्या मनात चाललं होतं.

आणि गोळ्या. जाळीवर आतलं नवं अस्तर धरायला महिने लागतात, तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी बसू शकते. “दातवाल्याकडे गेलात तरी रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, आधी आम्हाला फोन.” संक्रांतीनंतर ह्यांची दाढ खरंच ठणकली. दाताच्या दवाखान्यात ‘चार दिवस गोळ्या थांबवा’ म्हणाले. मी तिथूनच मिरजेला फोन लावला. गोळ्या चालू ठेवूनच दाढ निघाली, रक्त जरा जास्त वेळ आलं इतकंच.

एक गंमत सांगते. मी शाळामास्तरीण, वाचायची खोड जात नाही. हा फुगा आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरांनी झ्युरिकमध्ये आपल्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर जोडून जोडून बनवला. १६ सप्टेंबर १९७७ ला एका ३८ वर्षांच्या माणसाच्या हृदयाची नळी त्यांनी त्या फुग्यानं उघडली. तेव्हा जाळी नव्हती, नुसता फुगा. त्यामुळे पुष्कळ जणांची नळी काही महिन्यांत पुन्हा आवळायची. जाळी आली १९८६ मध्ये, औषध लावलेली जाळी आणखी पुढे. ग्रुंटझिग १९८५ मध्येच विमान अपघातात गेले, जाळी त्यांनी पाहिली नाही. त्या पहिल्या पेशंटची नळी मात्र दहा वर्षांनी तपासली तेव्हाही उघडी होती. हे मी ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “मग मला बागेत जायला काय हरकत आहे?” जातात आता. फवारणीचा पंप मात्र उचलू देत नाही.

पुढच्या महिन्यात इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, येतोय. तुमची दिवसपाळी असेल तर खालून निरोप धाडते. बेदाणे आणते, घरचे आहेत, नाही म्हणू नका.

तुमची,
तासगावची काकू