कपावरची दूधवाली

आम्स्टलव्हेन
१२ मार्च

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोरीच्या नव्या घरासाठी पाठवलेले कप वहिनींना आवडले हे वाचून बरं वाटलं. पण खाली तू जे लिहिलंस ते काही डोक्यातून जाईना. ‘जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, आणि आता माझ्याच पोरीच्या घरात व्हर्मीरच्या अंगावरून चहाचे ओघळ.’ तुझा राग कळतो मला, पण पटत नाही. फोनवर हे बोलणं नीट व्हायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी कपांवर छापलेल्या त्या दूधवालीच्या चित्राबद्दलच बोलू. व्हर्मीर या डच चित्रकारानं ते १६६० च्या सुमारास काढलं, आता आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयात आहे. पुस्तकांतून बघून वाटतं केवढं तरी मोठं असेल. प्रत्यक्षात उंची ४५.५ सेंटिमीटर, रुंदी ४१. एक धट्टीकट्टी मोलकरीण बाह्या वर सारून मातीच्या भांड्यातून दुसऱ्या पसरट भांड्यात दूध ओततेय. टेबलावर पाव. बस्स, एवढंच. पण तू समोर उभा राहिलास ना, तर बाईइतकाच वेळ भिंतीकडे बघत राहशील. खिळे उपटल्यावर राहिलेली भोकं, आणि वर एक खिळा तसाच. त्या एवढ्याशा खिळ्याची सावलीसुद्धा काढलीय. पावावर रंगाचे बारीक ठिपके आहेत, जवळ गेलं की नुसते ठिपके आणि दोन पावलं मागे आलं की भाजलेल्या पावावरचा उजेड. लाजवर्द दगड कुटून केलेला निळा रंग तेव्हा अतिशय महाग. तो वापरलाय कुठे, तर मोलकरणीच्या ॲप्रनला! स्वयंपाकघरातल्या कामाला एवढा मान देणारं चित्र स्वयंपाकघरात आलं तर त्यात त्याचा अपमान कसा रे होतो?

कपावर त्यातलं बरंच जातं, हे मी मान्य करतो. भिंत कापली जाते, खिळा दिसत नाही, आणि मी पाठवलेल्या कपांवर बघ, दुधाची धार नेमकी कपाच्या कानाजवळ आलीय. पण तो दोष छापणाऱ्यानं चित्र कसं बसवलं त्याचा आहे.

आणि छपाईवरून एक खरी गोष्ट सांगतो, ती तुझ्या वर्गातही सांग. या चित्राच्या इंटरनेटवर दहा हजारांहून जास्त प्रती फिरत होत्या, आणि बहुतेक पिवळट. लोकांना त्या पिवळ्या बाईची इतकी सवय झाली की संग्रहालयाच्या दुकानात खऱ्या रंगांचं पोस्टकार्ड बघून ‘हे मूळ चित्रासारखं नाही’ म्हणायला लागले. यावर संग्रहालयानं काय केलं? कुलूप लावलं नाही, उलट दारं उघडली. २०१२ साली सव्वा लाख कलाकृतींच्या उत्तम, स्पष्ट प्रतिमा सगळ्यांसाठी फुकट ठेवल्या. उतरवून घ्या, कापा, कापडावर छापा, काय वाटेल ते करा. पुढे लोकांनी त्यातून काय काय बनवलं त्याला बक्षिसंही द्यायला लागले. टाको डिबिट्स तेव्हा तिथे संग्रहांचे प्रमुख होते. लोकांना टॉयलेट पेपरवर व्हर्मीर हवाच असेल तर तो वाईट नकलेपेक्षा उत्तम प्रतिमेवरून छापलेला बरा, अशा अर्थाचं ते बोलले होते. तुला हे ऐकून शिसारी येईल. मला मात्र यात चित्रावरचं प्रेम दिसतं. छापणारे छापणारच आहेत, मग रंग तरी खरे असू देत.

तरी सरसकट सगळंच कपावर जावं असं माझं म्हणणं नाही. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ घे. १६४२ चं, शहराच्या बंदूकधारी पथकाच्या दिवाणखान्यासाठी काढलेलं. आज आहे तेही जवळजवळ पावणेचार मीटर उंच, आणि १७१५ मध्ये कापलं गेलं नसतं तर आणखी मोठं असतं. ते मोज्यांवर आणि पेन्सिलीच्या डब्यांवर बघवत नाही. तिथे मी तुझ्या बाजूनं. चित्र मुळात कुठल्या जागेसाठी काढलं ते बघावं, एवढीच माझी कसोटी आहे.

त्या कसोटीवर जपानी चित्रकार होकुसाईचं ते प्रसिद्ध लाटेचं चित्र तर हसतखेळत उतरतं. लाकडी ठशांवरून हजारो प्रती काढून साध्या माणसांना परवडेल अशा भावात ते विकलं गेलं. आणि आपल्याकडचं काय? राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून छापलेली ती लक्ष्मी, ती सरस्वती देव्हाऱ्यात गेली, कॅलेंडरावर गेली, काडेपेटीवर गेली, कापडाच्या ताग्यांच्या लेबलांवरसुद्धा गेली. बायकांनी त्या तसबिरींवर हौसेनं जर आणि टिकल्या चढवल्या. राजवाड्यातलं चित्र बघायला आपल्या आज्यांना कोण आत सोडणार होतं?

आता मूळ मुद्दा. व्हॅन गॉगचं बदामाच्या फुलांचं चित्र तुला माहीत आहेच, निळ्या आभाळावर पांढऱ्या फुलांच्या वाकड्यातिकड्या फांद्या. इथे छत्रीपासून चष्म्याच्या घरापर्यंत सगळीकडे ते दिसतं. ३१ जानेवारी १८९० ला त्याचा भाऊ थिओ याला मुलगा झाला, नाव काकाचंच ठेवलं. व्हॅन गॉग तेव्हा सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. त्यानं आईला लिहिलं की बाळाच्या आईवडिलांच्या झोपायच्या खोलीत लावायला चित्र करायला घेतलंय. तेच हे. जुलैत तो गेला, पुढच्या जानेवारीत थिओही गेला. योहानानं, बाळाच्या आईनं, ते चित्र जपलं. ते बाळ मोठं होऊन इंजिनियर झालं, आणि त्यानं सांभाळलेल्या संग्रहातूनच १९७३ मध्ये आम्स्टरडॅमचं व्हॅन गॉग संग्रहालय उभं राहिलं. बाळासाठी काढलेलं चित्र आहे रे ते! म्हणून आजोबा होणाऱ्या माणसाला विचारतो, पोरीच्या त्या छोट्या खोलीसाठी याच फुलांचं पडद्याचं कापड पाठवू का? सुती आहे, छपाई मी हातात घेऊन पाहिलीय. निळा अगदी मूळ चित्राच्या जवळ आहे आणि फांदी कुठे कापलेली नाही.

ताई एप्रिलअखेर पुण्याला येतेय, तिच्याबरोबर देता येईल. खिडकीची लांबी-रुंदी मापून कळव, शिवण धरून. वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद