बाबांच्या ताटाविषयी, अदिस अबाबाहून

अदिस अबाबा,
१२ मार्च २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाचा निरोप मिळाला. बाबांनी दूध, तूप, तळण आणि मैदा सोडून धान्य, कडधान्य आणि भाजीपाल्याचं साधं जेवण घ्यायचं ठरवलंय, हे ऐकून खूप बरं वाटलं. आई, तुझी काळजीही त्याने सांगितली: नुसत्या पाल्यावर माणसाला ताकद कुठून येणार, आणि रोज वेगळं करायचं तरी काय? फोनवर हे बोलणं तुटक होतं, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आई, मी राहते त्या शहरातली कितीतरी घरं सध्या असंच जेवतायत. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा मोठा उपवास चालू आहे, ईस्टरच्या आधीचा, ५५ दिवसांचा. त्याला हुदादे म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध, लोणी काही चालत नाही. शिवाय जवळजवळ वर्षभर बुधवार आणि शुक्रवार, ऑगस्टमधला मरियमचा उपवास, आणि ७ जानेवारीला त्यांचा नाताळ येतो त्याच्या आधीचे चाळीसेक दिवस. सगळं धरलं तर साध्या भाविकाचं जवळजवळ अर्धं वर्ष असं जातं, धर्मगुरूंचं त्याहून जास्त. यंदा रमजानही याच दिवसांत आलाय, त्यामुळे दुपारी अख्खी गल्ली शांत असते.

आता या उपवासाच्या ताटात काय असतं ते वाच. खाली इंजेरा, म्हणजे तेफ नावाच्या बारीक धान्याचं आंबवलेलं मोठं धिरडं. त्यावर मसूरडाळीचं लालभडक मिसिर वोत, हळद घातलेली वाटाण्याची डाळ, लसूण घालून परतलेला हिरवा पाला, कोबी-गाजर-बटाट्याची भाजी, कधी मोहरी लावलेला थंड मसूर, आणि शिरो. सगळे एकाच ताटाभोवती बसतात. वडीलधारी माणसं आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवतात. कुणाला वाटत नाही की हे आजाऱ्याचं जेवण आहे. हॉटेलात लोक मांस चालतं त्या दिवशीसुद्धा हौसेने हेच ताट मागवतात.

शिरोची कृती लिहिते, तुला लगेच जमेल, कारण ते आपल्या पिठल्याचं सख्खं भावंड आहे. हरभऱ्याचं, कधी वाटाण्याचं किंवा बाकल्याचं पीठ आधीच मसाला घालून दळून ठेवतात. माझ्या घरमालकीणबाई कांदा अगदी बारीक चिरतात आणि तेल न घालता कोरड्या भांड्यात मंद आचेवर परततात. खाली लागायला लागला की पाण्याचा हबका मारतात. कांदा पार मऊ, गोडसर झाला की बर्बेरे घालतात. हा त्यांचा लाल मसाला, त्यात मिरचीबरोबर मेथी, ओवा, कलौंजी आणि इथली मोठी वेलची असते. तेल त्यानंतर, तेही बेताचं. मग गरम पाण्यात शिरोचं पीठ भुरभुरत घोटतात आणि रटरटू देतात. आई, कोरड्या कांद्याची ही रीत तू बाबांच्या सगळ्या रश्श्यांना लाव. फोडणीचं तेल निम्म्यावर येतं आणि चव जराही कमी होत नाही.

इंजेराचं पीठ दोन-तीन दिवस आंबतं. आधीच्या पिठावर आलेलं पिवळसर पाणी विरजणासारखं काढून ठेवलेलं असतं, ते त्यात घालतात. मग मितादवर, म्हणजे दीड-पावणेदोन फुटी मातीच्या तव्यावर, कडेपासून आत गोल गोल धार सोडायची. बघता बघता सगळीकडे जाळी पडते. झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. आंबवल्यामुळे धान्यातलं लोह-कॅल्शियम अडवणारं फायटिक आम्ल कमी होतं आणि ते अंगी लागायला मदत होते. आंबोळी, आंबील, मोड आणलेली कडधान्यं यांतही तेच घडतं.

पण तेफ मागवायचा खटाटोप करू नका. इथेसुद्धा तो महाग पडतो, गरिबाघरी त्यात ज्वारी-मका मिसळतात. आणि आपल्या इगतपुरीच्या डोंगरउतारावर नागली आहे ना! शंभर ग्रॅम तेफमध्ये कॅल्शियम १८० मिलिग्रॅमच्या आसपास, तर तेवढ्याच नागलीत साडेतीनशेच्या घरात. आजी नागलीला मोड आणून, वाळवून दळायची, तसं पीठ पुन्हा सुरू कर. खरं तर नागली मुळात याच भागातली. इथिओपिया ते युगांडा या डोंगराळ पट्ट्यात ती हजारो वर्षांपूर्वी लागवडीत आली आणि तिथून आपल्याकडे पोचली. इथे तिला दागुसा म्हणतात. आणि खुरासणी! मर्कातोच्या बाजारात काळं, चकचकीत बी पोत्यांत बघितलं आणि मी दुकानदाराकडून मूठभर मागूनच घेतलं. इथे ते नूग. खुरासणीचा उगमही इथलाच, आणि तिचं तेल इथलं जुनं उपवासाचं तेल. पावसाळा सरताना घोटीच्या रस्त्याला पिवळी शेतं दिसतात, तशीच इथेही दिसतात. दादा म्हणतो आता तुम्ही खुरासणीची चटणी करतच नाही, बाजारातून सॉस आणता. मला हे मनापासून लागलं. भाकरी, हुलग्याची आमटी, पालेभाजी आणि खुरासणीची चटणी हे ताट टाकून द्यायचं आणि मग वजन-साखर वाढली म्हणून पाकिटातलं महाग 'मल्टिग्रेन' आणायचं, हे बरोबर नाही. त्या बिस्किटांच्या पाकिटामागे घटक वाच, पहिला बहुतेक मैदाच असतो.

ताकदीचं म्हणशील तर धान्य आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रथिनांचे लायसिन आणि मेथिओनिन असे दोन घटक असतात. धान्यात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. दिवसाभरात दोन्ही पोटात गेली म्हणजे झालं. बाबांच्या ताटात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ दोन्ही वेळा हवीच. डाळीचं पाणी म्हणजे डाळ नव्हे. पालेभाजीवर लिंबू पिळ, आणि जेवणाला लागून चहा देऊ नकोस, त्याने लोह अडतं. संध्याकाळी फरसाणाऐवजी घुगऱ्या दे. इथे त्यांना निफ्रो म्हणतात, आणि भाजलेल्या जवाचा-हरभऱ्याचा कोलो तर येताजाता खातात. जवस इथेही भाजून, कुटून पाण्यात घालून पितात. तू चटणी कर.

आणखी एक, आजी रागावणार नसेल तर. आपल्या एकादशीला घरात साबुदाणा, बटाटा, वेफर्स, तळलेल्या पापड्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. साखर असलेल्या माणसाने तो खाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथल्या उपवासात डाळ आणि पाला असतो. आपल्यात डाळ चालत नाही, ठीक आहे. मग बाबांना भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि राजगिऱ्याची भाकरी असं चालेल. उपवास म्हटलं की आरोग्य आपोआप येत नाही, इथेही उपवासाच्या नावाखाली तळलेले बटाटे आणि गोड शीतपेय घेणारे आहेतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बाबांनी स्वतः वाचावं. बाबा, दूध-दही पूर्ण सोडणार असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावीच लागेल. भाज्या, डाळी, धान्यात ते भरवशाचं मिळत नाही. इथली माणसं उपवास नसलेल्या दिवशी दूध-मांस खातात, त्यांचं निभतं. तुमचं तसं नाही. शिवाय तुम्ही साखरेची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेताय, त्यानेही बी-१२ कमी होऊ शकतं. कमतरता वाढली की हातापायांना मुंग्या येतात, आणि आपण ते साखरेवर ढकलतो. डॉक्टरांना रक्ततपासणी लिहून द्यायला सांगा. आणि जेवण बदलल्यावर साखर खाली आली तरी गोळ्या मनाने कमी करू नका, तेही त्यांनाच विचारा. मीठ आयोडीनचंच असू द्या. व्हिडिओवाले सैंधवाचं कौतुक करतात, पण साध्या सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं.

आई, एक विनंती. बाबांचं वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं असं दोनदा रांधू नकोस. तू थकशील, आणि बाबांनाही शिक्षा भोगल्यासारखं वाटेल. दादा-वहिनी, मुलं, सगळ्यांनी तेच जेवावं, ज्याला हवं त्याने वर तूप घ्यावं. मुलांचं दूध मात्र बंद करू नका.

उद्या होळी. पुरणपोळी कर. बाबांना कणकेची, तूप न लावता एक दे, सोबत कटाची आमटी आणि कोशिंबीर भरपूर. सणाला एक पोळी खाल्ली म्हणून काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार शिळ्या संपवायला बसू नये एवढंच.

मी मेमध्ये येतेय. बर्बेरे आणि शिरोचं पीठ आणेन, बाबांसाठी मीच रांधेन. तोवर तपासणी झाली की रिपोर्टचा फोटो दादाला पाठवायला सांग, आणि आजीला विचारून मोडाच्या नागलीचं प्रमाण नि किती दिवस वाळवायची ते नीट लिहून घे. मलाही इथे करायचंय.

आजीला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
धाकटी